बाळंतिणीच्या खोलीतला कूलर

मित्रांनो, माझ्या घरघरीला घाबरू नका. मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, आणि स्वभावाने जरा संशयी आहे. गार वारा मिळाला, की तो कुठून आला हे माणसे विचारत नाहीत. मी विचारतो.

दुर्गच्या एका कारागिराने मला ठोकूनठाकून घडवले. पुढे भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये, सरलाताईंच्या क्वार्टरवर मी बरेच उन्हाळे काढले. होळी झाली, की मला वाळ्याच्या नव्या ताट्या बसत. टाकी भरून वाहिली, तरी नळ बंद करायला कुणी धावत नसे. मग उन्हाळे लांबले, रात्रीही तापू लागल्या आणि घरात एसी आला. सरलाताईंनी मला धुणेवाल्या पंचफुलाबाईंना देऊन टाकले.

पंचफुलाबाईंनी मला बोटाने टोचून पाहिले. "फुकट कावून देऊन राहिल्या वो ताई? करंट तं नाही मारत?"

"अगं, तुझ्या नातवाला होईल. घेऊन जा."

रुआबांधा वस्तीच्या कडेला त्यांची पत्र्याच्या छपराची खोली. आत त्यांची सून नूतन बाळंतीण होती. तिच्या कानाला फडके, खाटेखाली शेगडी, खिडकी बंद. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही पंचफुलाबाईंच्या आईची शिकवण. ती वाईट नव्हती, मित्रांनो. पण ती मातीच्या घरातली, कौलांखालची होती. पत्र्याखालच्या या उन्हाळ्यांची त्या आईला कल्पना कुठून असणार? मला भिंतीकडे तोंड करून उभे केले, जणू मी चोर होतो.

एका दुपारी बाळ लालबुंद झाले. रडणेही थांबले.

"आत्याबाई, लेकरू दूध पीत नाही," नूतन सासूला म्हणाली. "अंग तव्यासारखं हाय. कूलर लावा ना."

"वात होईल तुले."

"सरलाताईची सून बी बाळंतीणच हाय ना? तिच्या खाटेखाली शेगडी हाय का?"

सकाळीच पंचफुलाबाईंनी सरलाताईंच्या नातवाची दुपटी धुतली होती. ते एसीत, पांघरूण घेऊन झोपले होते.

"तिले एसी चालते, अन् मले वारा बाधते?" नूतन म्हणाली. " आपलं रगत येगळं हाय का?"

पंचफुलाबाईंनी शेगडी ओढून बाहेर नेली, खिडकी उघडली आणि मला तिच्यात बसवले. पण माझी टाकी कोरडी! टँकर आला नव्हता. घरात प्यायच्या पाण्याचा एकच गुंड, म्हणजे हंडा, होता. त्यांनी तोच उचलला.

दारात शेजारच्या ठकूबाई उभ्या होत्या. "वा वो राणी! आमच्या घरी प्यायले थेंब नाही, अन् तू लोखंडाले पाजून राहिली? कुठी लपवलं होतं एवढं पाणी?"

"लपवलं नाही, ठकू. आत येऊन पाय."

ठकूबाई आत आल्या. आधी गुंडात डोकावल्या, मग माझ्या टाकीत, मग खाटेकडे पाहिले आणि निघून गेल्या. परतल्या तेव्हा हातात बादली होती.

"तो गुंड खाली ठेव. हे कपडे खंगाळल्याचं पाणी हाय. याले काय, चालते."

साबणाच्या पाण्याने माझ्या ताट्या चिकट झाल्या, पण मी जीव तोडून फिरलो. नूतनने ओल्या फडक्याने बाळाचे अंग पुसले. ते दूध प्यायले आणि मग असे रडले, की पंचफुलाबाईंना हसू फुटले. लगेच सासू-सून त्याला दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे घेऊन गेल्या.

ठकूबाई अजूनही रोज माझ्या टाकीत डोकावतात. आत प्यायचे पाणी नाही अशी खात्री पटली, की माझ्यासमोर पाय पसरून बसतात.

मित्रांनो, माझी टाकी कोरडी असताना मला चालवू नका, पंप जळतो. शेजाऱ्याबद्दल शंका आली, तर दारातून ओरडू नका, आत जाऊन पाहा. आणि 'ऊन काय, सगळ्यांना सारखेच' असे कुणी म्हणाले, तर त्याच्यावर मात्र खुशाल संशय घ्या. त्याला भर दुपारी पत्र्याखाली नेऊन बसवा, आणि मग पुन्हा विचारा.