तारेला भाऱ्याचा पीळ

तिसऱ्यांदा तार घसरली तेव्हा गोदूबाईने गिटार टेबलावर आडवी ठेवली आणि हट्टी पोराकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

राहनाळच्या त्या गोदामात गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल ती तपासायची. मिक्सर, इस्त्र्या, चपला, सगळं तिने निस्तरलं होतं. या महिन्यात मात्र एकोणीस गिटारी परत आल्या, आणि तक्रार एकच: सूर टिकत नाही. शिफ्टचा साहेब देवेश, वयाने तिच्या मुलाएवढा. त्याने सकाळीच सांगितलं होतं, की उद्यापर्यंत जमलं नाही तर गिटारी भंगारात जातील, हे टेबल उचललं जाईल आणि मावशींना खोकी उचलायला लोडिंगवर जावं लागेल. पन्नाशीच्या गोदूबाईचा गुडघा जिना चढतानाच बोंब मारायचा. लोडिंग म्हणजे तिच्यासाठी घरी बसणंच. त्यात "मी बघते" असं तीच म्हणाली होती. हात दाखवून अवलक्षण.

खुंटीभोवती तिने सात-आठ वेढे दिले होते. देवेश मोबाइलवर बघून सूर लावून द्यायचा आणि पाच मिनिटांत तार ढिली. मग तिने गाठ मारून पाहिली, तर तार तुटून गालाला चाटून गेली. डोळा थोडक्यात वाचला. ती खरंच घाबरली.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती खुंटीकडे बघत बसली. गाठीवर भरवसा ठेवू नये, असं तिला कुणीतरी बजावलं होतं. कुणी, ते आठवलं आणि तिला हसूच आलं. सासूने. नवी नवरी गोदू भाताच्या भाऱ्याला गाठ मारायची आणि भारा हमखास वाटेत सुटायचा.

"गाठ नको मारूस गो," सासू म्हणायची. "पीळ दे नि टोक त्याच्याच खाली खोच. वजन पडंल तसा आपला आपण आवळंल."

गोदूबाईने नवी तार खुंटीच्या भोकातून ओवली. टोक मागे वळवून तारेच्याच खालून काढलं, वर मुडपलं आणि खुंटी पिळली. पहिल्याच वेढ्याखाली टोक चिणलं गेलं. तीन वेढ्यांत तार ताठ झाली. तशाच सहाही तारा लावून तिने प्रत्येक तार दोन-चारदा ओढून पाहिली, आणि मग देवेशला सूर लावायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी येताक्षणीच त्याने गिटारीजवळ मोबाइल धरला. सूर जिथल्या तिथे. तो खूश झाला. बाकीच्या शिफ्टना दाखवायला त्याने तिच्या हातांचा व्हिडिओ काढला आणि टेबल राहील म्हणून सांगितलं. गोदूबाईला भरून आलं, पण तिने पुढची गिटार ओढली.

"मावशी, हे शिकलात कुठं? वर रिपोर्टमध्ये लिहायचंय."

"हितंच," ती म्हणाली. "तुमी उभं हाय ना, तितं आमचं भात व्हायचं."

देवेशने फरशीकडे पाहिलं. मग पाय उचलून तो जरा बाजूला सरकला.