आमा पायरीवर बसली होती

परितोषदा सान्याल बंगालमधल्या श्रीरामपूरच्या शाळेत भूगोल शिकवायचे. निवृत्त झाले आणि पुरते फोटोंच्या नादी लागले. दुर्गापूजेची सुट्टी आली की आमच्या फोटो क्लबातली दोनचार टाळकी डोंगराकडे निघायची, आणि सगळ्यांत जड पिशवी परितोषदांच्या खांद्यावर असायची.

त्यांचं खरं काम घरी परतल्यावर सुरू व्हायचं. संगणकासमोर बसून एकेका फोटोवर दोनदोन दिवस घालवायचे. विजेच्या तारा, प्लास्टिकच्या बादल्या, मध्येच आलेली माणसं, सगळं पुसून काढायचे. हात इतका साफ की मागे काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये. त्यांची बायको, आमची सुतपाबौदी, म्हणजे वहिनी, चहाचा कप ठेवता ठेवता म्हणायची, "तुमचा देव फार आळशी बाई. त्याचा सगळा केर तुम्हालाच काढावा लागतो."

"केर नको असेल तर काढू नये का?" ते मान वर न करता विचारायचे.

त्या वर्षी आम्ही तिघंच गेलो, ती दोघं आणि मी. कालिम्पोंगच्या वर चिसोधारा नावाची नेपाळी वस्ती आहे, तिथं दिलकुमार राईकडे उतरलो. उतारावरचं लाकडी घर, मागे अख्खा कांचनजंघा. दिलकुमारची आई, जिला सगळं गाव आमा म्हणायचं, पायरीवर बसून मक्याच्या कणसांचे दाणे काढत असायची. परितोषदांनी कोवळ्या उन्हात घरावर कॅमेरा रोखला आणि हातानं तिला 'जरा बाजूला' अशी खूण केली. आमा नेपाळीत काहीतरी ओरडली. दिलकुमार हसत सुटला.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, पायरी माझी आहे. तुझा डोंगर सरकव की जरा."

परितोषदाही हसले. तिच्यासकट फोटो घेतला आणि मला हळूच म्हणाले, "असू दे, बनानी. घरी गेल्यावर काढता येईल."

आणि काढलीच. आमा गेली, छपरावरची निळी ताडपत्री गेली, तारा गेल्या. उरलं एक धुक्यातलं घर आणि सोन्यासारखं शिखर. त्या फोटोला क्लबाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं आणि तो क्लबाच्या भिंतीवर लागला. मीही टाळ्या वाजवल्या. मनाजोगता फोटो तयार झाला की मूळ फोटो पुसून टाकायचा, ही परितोषदांची जुनी सवय. पसारा त्यांना संगणकातही खपत नसे.

पुढच्या पावसाळ्यात चिसोधाऱ्याच्या वरचा कडा कोसळला. दिलकुमार, त्याची बायको सबिना आणि पोरं खाली बाजाराला गेली होती म्हणून वाचली. आमा घरात होती.

पंधरवड्यानं परितोषदांच्या फोनवर अनोळखी नंबर आला. दिलकुमारचा स्वतःचा फोन घराबरोबरच गेला होता. "दादा, तुम्ही आमचा फोटो काढला होता ना? आमा पायरीवर बसलेली? आमच्याकडे तिचा एकही राहिला नाही. ओळखपत्राच्या कचेरीत एक मिळेल म्हणतात, पण त्यात ती अशी घाबरलेली दिसते, की आमा वाटतच नाही."

"शोधतो," परितोषदा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी सगळं उलथंपालथं केलं. मीही माझे फोटो उपसले. माझ्याकडे फुलं होती, कोंबडा होता, आमा नव्हती. बौदीच्या फोनमध्ये बौदी आणि डोंगर.

आठवड्यानं त्यांनी आम्हा दोघींना पडद्यासमोर बसवलं. घर तेच, पायरी तीच, आणि पायरीवर एक म्हातारी. ऊन तिच्या गालावर नेमकं हवं तिथं पडलेलं. माझ्या तोंडून "सापडली!" निघून गेलं.

बौदी जवळ जाऊन बघत राहिली. "ही कोण?"

परितोषदा फोटो लहानमोठा करत राहिले.

"मी विचारते, ही कोण आहे?"

"लाचुंगच्या बाजारात टिपलेली एक बाई आहे," ते म्हणाले. "चेहरा बराचसा… लांबून तर कळणारही नाही."

"त्याला कळेल. आणि नाही कळलं तर जास्तच वाईट. दुसऱ्या कुणाच्या आईपुढे तो रोज दिवा लावणार?"

परितोषदांनी तो फोटो पुसला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आमच्यासमोरच दिलकुमारला स्पीकरवर फोन लावला. आढेवेढे घेतले नाहीत. "दिलकुमार, फोटो आहे, पण आमा त्यात नाही. मी तिला काढून टाकलं होतं. चांगला दिसावा म्हणून. मूळचा ठेवला नाही."

 दिलकुमारचा आवाज आला, रागाचा नव्हे, थकलेला.

"ती कशी बसली होती, तेवढं तरी आठवतं का दादा?"

परितोषदांनी डोळे मिटले. "डावा पाय दुमडलेला, उजवा खालच्या पायरीवर. पायात चप्पल एकच. दुसरी मागे उलटी पडलेली."

"हो! तिचा पाय सुजायचा त्या बाजूचा."

"शाल मातकट, तिचा काठ उसवलेला. टाचणीनं धरलेला. मांडीवर सूप. अंगठ्याला चिंधी बांधली होती, दाणे काढून सोललं असेल. तोंड अर्धवट उघडं. मला ओरडत होती ना."

"थांबा, दादा, थांबा." दिलकुमारनं सबिनाला हाक मारली. पोरांचाही आवाज यायला लागला. "आता सगळं पहिल्यापासून सांगा."

परितोषदा सांगत राहिले. फोटो पडद्यावर मोठा करकरून, टाचणीएवढ्या ठिपक्यानं त्यांनी तिला तासन्‌तास पुसलं होतं. तिच्या केसांची एकेक बट त्यांना पाठ होती. मध्येच पलीकडून सबिना रडत म्हणाली, "ती टाचणी माझी होती." बौदी उठून खिडकीशी गेली.

फोन ठेवण्याआधी दिलकुमारनं तो बिनआमाचा फोटोही मागितला. "घर तरी दिसेल," म्हणाला.

परितोषदांनी तो मोठा छापून कापडात गुंडाळला आणि दुसऱ्याच दिवशी टपालात टाकायला स्वतः गेले. क्लबाच्या भिंतीवरचा मात्र त्यांनी उतरवून घेतला.