ठिणगीची पारख

होडीतली बॅटरी दोघा भावांनी बांबूला लटकवून घरी आणली आणि दारातच आदळली. मी ओसरीवर जाळ्याची भोकं सांधत बसले होते. त्या आवाजानं दचकले आणि सुई बोटात घुसली. पण माझ्या बोटाकडं बघतो कोण? दोघांची तोंडं बघूनच कळलं, आजही होडी दुसऱ्याच्या दोरीनं ओढून आणलेली आहे.

आमच्या इंजिनाला हातानं फिरवायचं हँडल होतं, ते कधीच मोडून गेलं. तेव्हापासून सगळी भिस्त बॅटरीवर. सेल्फ मारला आणि बॅटरीनं जोर दिला तर इंजिन धडधडतं, नाहीतर नुसतं टिक-टिक करतं आणि होडी वारा नेईल तिकडं जाते. मग हात वर करून कुणाला तरी हाका मारायच्या. हाकेला येणार कोण, तर दाढीवाला. मोठ्या बोटीचा मालक. माणूस वाईट नाही, ओढून आणायला कधी नाही म्हणत नाही. पण ओढून आणल्यावर गप्पही बसत नाही. धक्क्यावर पाय ठेवल्या ठेवल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "काय, आजपण झोपली का तुमची राणी?" लोक हसतात. आमचे हे तोंड फिरवून दोरी गुंडाळत बसतात.

त्या दिवशी मात्र धाकटे भाऊजी बोलले. ते तसे फार बोलणाऱ्यांतले नाहीत. हातपाय धुतले, अंग पुसलं आणि भावासमोर येऊन उभे राहिले.

"दादा, आणखी एकदा असं झालं तर मी दाढीवाल्याच्या बोटीवर जाणार. तो कधीपासून बोलावतोय. नंतर म्हणू नको, सांगितलं नाही."

आमचे हे म्हणाले, जा की, तुझ्यावाचून काय अडतंय. आता हे बोलायचं म्हणून बोलले. अडतंय तर सगळंच. एकानं सुकाणू धरायचं, एकानं जाळं ओढायचं, ही दोन माणसांची होडी. गावातली हाताशी येणारी माणसं मोठ्या बोटींनी केव्हाच उचलली. भाऊजी गेले की होडी धक्क्याला बांधून ठेवायची आणि आम्ही सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं. हे मला कळत होतं, धाकट्या जाऊला कळत होतं, आणि यांनाही कळत होतं. पण कळतं ते कबूल करायची या घरातल्या पुरुषांना सवय नाही.

मग नवी बॅटरी घ्यायची ठरली आणि घराची शाळा झाली. जो तो मास्तर. शेजारी म्हणाला ट्रकची घ्या. धक्क्यावरचा मेकॅनिक म्हणाला मोटारीची घ्या, हलकी पडते. मामंजी, म्हणजे माझे सासरे, खिडकीखालच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "तुम्हाला कुणाला बॅटरी कळत नाही. मी येतो दुकानात."

मामंजींनी उभा जन्म समुद्रावर काढला. आता गुडघे गेले, पण तोंड शाबूत आहे. त्यांची बॅटरी पारखायची एक रीत आहे आणि धक्क्यावरचे सगळे म्हातारे तिलाच मानतात. खिशातून वायरचा तुकडा काढायचा, बॅटरीच्या एका टोकाला टेकवायचा आणि दुसऱ्या टोकाला नुसता चाटून न्यायचा. ठिणगी जेवढी मोठी, तेवढी बॅटरी खानदानी. यापलीकडं काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही.

मीही गेले दुकानात. घरात एक तरी शुद्धीवर असलेलं माणूस सोबत हवं म्हणून. बॅटरीवाला मऊ बोलणारा, चष्म्यातून वरून बघणारा. त्यानं दोन बॅटऱ्या पुढं ठेवल्या. एक सुटसुटीत, चकचकीत. दुसरी काळी, ओबडधोबड आणि इतकी जड की ती फळीवरून उतरवताना त्याच्या नाकी नऊ आले. तो समजावून सांगायला लागला. पहिली एकदम झटका द्यायला बनवलेली, दुसरीच्या प्लेटा जाड, ती झटका बेताचा देते पण हळूहळू, तासन् तास काम करते, आणि खाली झाली तरी पुन्हा भरून उभी राहते. तेवढ्यात मामंजींनी वायर काढलीसुद्धा. बॅटरीवाला "काका, नको" म्हणेपर्यंत पहिलीवर फाडकन् ठिणगी उडाली. दुकानातली दोन माणसं मागं सरकली. दुसरीवरही उडाली, पण जरा मवाळ.

"झालं," मामंजी म्हणाले. "बांधा ती पहिली."

तेव्हा भाऊजी हळूच म्हणाले, "दादा, मला वाटतं ती जाडवाली घेऊया. उजाडेपर्यंत दिवे लागतात आपल्याला, जाळं ओढायचा रहाटही बॅटरीवरच फिरतो."

यांनी मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. दुकानदाराला म्हणाले, बाबा सांगतात तीच द्या. भाऊजी दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण चारचौघांत नवऱ्याला टोकायचं कसं, म्हणून मी गप्प बसले.

नवी बॅटरी आली. चार दिवस घरात तिचंच कौतुक. सेल्फला हात लावायचा अवकाश, इंजिन सुरू. मामंजी येणाऱ्याजाणाऱ्याला ठिणगीची गोष्ट सांगायचे आणि दर खेपेला ठिणगी थोडी वाढायची. धक्क्यावर चोऱ्या फार, म्हणून होडी लागली की बॅटरी सोडवायची, बांबूला लटकवायची आणि घरी आणून मामंजींच्या खाटेखाली ठेवायची, हा आमचा जुना रिवाज. नवीला तर मामंजी वरून पोतं घालायचे. सुनेच्या बाळंतपणाची एवढी काळजी केली नसेल.

मग एक दिवस भाऊजी म्हणाले, दिवे पिवळे पडतायत. हे म्हणाले, तुझे डोळे पिवळे पडलेत. पुढच्या खेपेला इंजिन दोनदा अडखळून सुरू झालं. त्याच्या पुढच्या खेपेला झालंच नाही. दाढीवाला आला, दोरी टाकली, ओढून आणलं आणि धक्क्यावर उतरून म्हणाला, "राणी नवी आणली तरी झोपेची खोड तीच."

यांचा राग आता कुठं मावेना. बॅटरीसकट बांबू घरात टाकला आणि तसेच ओल्या कपड्यांनी दुकानात गेले. फसवलं, जुना माल गळ्यात मारला, असं काय काय बोलले कुणास ठाऊक. बॅटरीवाला बिचारा दुकान दुसऱ्याच्या भरवशावर टाकून, हातात मोजायचं यंत्र घेऊन यांच्या मागोमाग आमच्या घरी आला.

दुपारची वेळ. भट्टीत बसल्यासारखं गरम होत होतं. सगळे मामंजींच्या खाटेभोवती जमले. धाकटी जाऊ सातव्या महिन्यातली, ती भिंतीला टेकून बसली होती. बॅटरीवाल्यानं खाली वाकून यंत्र लावलं, आकडा बघितला आणि चुकचुकला. हे तेवढ्यात सुरू झालेच. असला माल विकता, पोराबाळांचे तळतळाट लागतील, माझा भाऊ घर सोडायला निघालाय तुमच्यापायी. तो माणूस शांतपणे ऐकत होता. मी पाणी आणून दिलं. ते पिताना त्यानं मान वर केली आणि तशीच ठेवली.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्याकडं वीज आहे का आत्ता?"

मी म्हटलं, कसली वीज, आमच्याकडं रोज दुपारी जाते ती संध्याकाळी येते.

"मग हा पंखा कशावर फिरतोय?"

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. भंगारात काढलेल्या मोटारीतला तो चिमुकला पंखा मामंजींनीच आणवून तुळईला बांधून घेतला होता. जावेला दिवस गेल्यापासून तिला गरम व्हायला नको म्हणून. त्याच्या दोन वायरी भिंतीवरून उतरून खाटेखाली गेल्या होत्या. रोज बॅटरी घरी आली की मामंजी वायरी अडकवायचे. आम्ही सगळे ते बघायचो. त्याच पंख्याखाली बसून रोज भांडायचो, की बॅटरी टिकत का नाही.

पंखा आपला फिरत होता, तोही आता दमलेला. जावेचं तोंड इतकंसं झालं. तिनं उठून वायर काढायला हात घातला, तर मामंजी तिला म्हणाले, "बस तू." आणि मग बॅटरीवाल्याला, "एवढासा पंखा, तो काय खाणार?"

"काका, एवढासाच आहे, पण दुपारभर खातो आणि रोज खातो. मग अर्ध्या पोटी तुम्ही तिला समुद्रावर नेता, तिथं दिवे, रहाट. ही जात झटका द्यायची, अशी तळापर्यंत पिळायची नाही. चारदोनदा तळ दिसला की संपली." तो चष्मा पुसत पुढं म्हणाला, "तुमचा धाकटा म्हणत होता ती घेतली असती, तर तिनं हा पंखासुद्धा सोसला असता."

त्याच्या बोलण्यात टोचायचा हेतू नव्हता. पण मी यांच्याकडं बघितलं. हे बॅटरीकडं बघत होते. भाऊजी यांच्याकडं बघत होते, बराच वेळ. मग ते उठून मागच्या दारानं बाहेर गेले.

पुढचं सगळं रीतसर झालं. बॅटरीवाल्यानं समजूतदारपणा दाखवला, जुनी ठेवून घेतली आणि ती काळी, जड बॅटरी दिली. यांनी लोहाराकडून लोखंडी पेटी करून घेतली, होडीतच पक्की बसवली, वर कुलूप. बॅटरी घरी आणायची पद्धत बंद. पंखाही बंद. मामंजी आता दुपारभर पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन जावेला वारा घालतात, ती नको नको म्हणते तरी. ठिणगीचा विषय काढत नाहीत.

होडी दोन खेपा बिनबोभाट करून आली. दिवे लख्ख, सेल्फ एका दमात. मला वाटलं, सुटलो. त्या दिवशी जेवणं झाल्यावर भाऊजी म्हणाले, उद्यापासून मी दाढीवाल्याकडं जातोय.

यांना वाटलं, चेष्टा करतोय. म्हणाले, "अरे, आता तर बॅटरी चांगली आहे."

"म्हणूनच जातोय," भाऊजी म्हणाले. "बंद पडलेली होडी टाकून गेला, असं कुणी म्हणायला नको. दादा, दुकानात मी बोललो तेव्हा तू वळून बघितलं नाहीस. ते एक असो. पण परवा त्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हाही नाही बघितलंस. मला काही ऐकवायचं नव्हतं तुला. नुसतं बघितलं असतंस तरी चाललं असतं."

"एवढ्यावरून कुणी घर मोडतं का?"

"घर नाही मोडत. इथंच आहे मी. होडी सोडतोय."

आणि खरंच गेले. ताट त्याच चुलीवरचं, झोपणं त्याच छपराखाली, पण पहाटे पावलं दुसऱ्या बोटीकडं. घरात सगळे इतके जपून बोलायला लागले की माझा जीव गुदमरायचा. त्यापेक्षा आधीची भांडणं बरी होती. आमचे हे रोज धक्क्यावर जायचे, होडीत बसायचे, इंजिन सुरू करायचे. एका दमात सुरू व्हायचं. थोडा वेळ आवाज ऐकायचे आणि बंद करून परत यायचे. ज्या आवाजासाठी सगळं घर पणाला लावलं तो मिळाला आणि जाळं ओढायला माणूस नाही. मला त्यांची कीव यायची आणि तेवढाच रागही यायचा. एकदा वाटलं सांगावं, जा, भावाची समजूत काढा. पण सांगून काढलेली समजूत काय कामाची.

शेवटी मीच चिडले. घरात खायला उठलेलं हे मौन आणि धक्क्याला बांधलेली धडधाकट होडी, दोन्ही माझ्यानं बघवेना. पहाटे उठले, भाकरतुकडा बांधला आणि यांच्या मागोमाग जाऊन होडीत बसले. हे म्हणाले, हे काय. मी म्हटलं, जाळी सांधता येतात तर ओढताही येतील. धक्क्यावरच्या लोकांनी बघून घेतलं. दाढीवाल्याच्या बोटीवरून भाऊजींनीही बघितलं, आणि त्यांनी मान खाली घातली.

इंजिन लागलं. किनारा मागं पडला. हे सुकाणूवर, मी जाळ्याच्या ढिगावर. होडी डुलायला लागली तशी मला ओकारी यायला लागली, पण ते मी त्यांना कळू दिलं नाही. बरंच आत गेल्यावर यांनी इंजिनाचा वेग कमी केला, पाण्याकडं बघितलं, आकाशाकडं बघितलं. मग घसा खाकरला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "इथं टाकूया का जाळं?"

मला समुद्रातलं काय कळतंय? इथलं पाणी आणि तिथलं पाणी मला सारखंच. हे त्यांनाही ठाऊक होतं, तरी विचारलं. माझे डोळे भरून आले, आणि आनंदानं नाही. हाच प्रश्न यांनी धाकट्या भावाला इतक्या वर्षांत एकदा तरी विचारला असता, तर आज मी इथं ओकाऱ्या दाबत बसले नसते.

मी म्हटलं, "थोडं पुढं."

त्यांनी मुकाट्यानं होडी थोडी पुढं नेली.