सुहासिनीचं बावखल

विपुलने मला न विचारता सुहासिनीच्या गेममध्ये नवीन व्हर्जन टाकलं. फुकटात. तिथेच मला शंका यायला हवी होती.

सुहासिनी माझी बायको. तिला जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते, म्हणजे २००३चा डिसेंबर. आजारपणात ती एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्येच असायची आणि कॉम्प्युटरवर एकच गेम खेळायची. गाव वसवायचं, शेती करायची, शत्रू आला तर लढायचं. मी म्हणायचो, भांडायला मी आहे की घरात. ती म्हणायची, "तुम्ही लगेच हरता."

तिच्या गावाचं नाव तिने बावखल ठेवलं होतं. बावखल म्हणजे बागेला पाणी देणारं गोड्या पाण्याचं तळं. तिच्या माहेरी, नाळ्याला, केळीच्या बागेत एक होतं. एका बिल्डरचा माणूस जमीन फुकटात सपाट करून देतो म्हणाला आणि त्याने ते मातीने भरून टाकलं. गेममध्ये तिने गावाच्या मधोमध तसंच तळं खणलं, भोवती बागा लावल्या. तिने शेवटचं जसं ठेवलं तसंच ते मला हवं होतं. रोज कामावरून आलो की उघडून बघायचो. कशाला हात लावायचो नाही.

विपुलचं खाली कॉम्प्युटरचं दुकान आहे. माऊस दुरुस्त करायला तो एका रविवारी वर आला. मी चहासाठी दूध आणायला गेलो. परत आलो तर तो स्क्रीन पुसत होता. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत मिळालेल्या सीडीवर गेमचं नवीन व्हर्जन आलं होतं, तेही टाकून दिलं म्हणाला.

संध्याकाळी गेम उघडला. तळं होतं. दोनेक मिनिटांत गेममधला पहिला महिना संपला आणि तळं गेलं. तिथे सपाट जमीन. मग बागा पिवळ्या पडल्या, माणसं मरू लागली. मी घाईने बंद केलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच.

मला वाटलं, हा पोरगा खेळला आणि आता लपवतोय. पुसायला स्क्रीनवर होतं काय?

दुसऱ्या दिवशी वालीवच्या कारखान्यातून सरळ त्याच्या दुकानात गेलो. आरडाओरडा केला नाही. त्याला म्हटलं, तुझ्या मशीनवर हाच गेम लाव. त्याने नवीन गाव वसवलं, तळं खणलं. महिना संपला आणि त्याचंही तळं गेलं. म्हणजे तो खेळला नव्हता. पण त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

मग त्याने सांगितलं. इंटरनेटवर लोक आठवडाभर कंपनीला शिव्या घालत होते. कोणाचं सैन्य जागचं हलत नव्हतं, कोणाचं तळं जात होतं. कंपनीने काही न तपासता व्हर्जन काढलं होतं. आणि याने माझ्याकडे ते चालतंय का बघायला सुहासिनीचं गाव उघडून सेव्हही केलं होतं. नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झालेलं ते गाव आता जुन्यात उघडत नव्हतं.

"आमच्या कारखान्यात पहिला पीस तपासल्याशिवाय मशीन पुढे चालवत नाहीत," मी म्हणालो. "वाचलं होतंस, तरी माझ्याकडे टाकलंस?"

"काका, तुम्ही कुठे खेळता? ते तर काकूंचं होतं."

बोलल्यावर त्यालाच कळलं असावं, कारण त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही.

फेब्रुवारीत तो पुन्हा दारात आला. नवीन सीडी आली होती, तळ्याची चूक दुरुस्त केली असं कंपनी म्हणत होती.

"तू तपासलंस?"

"कंपनीच सांगते ना, काका."

मी त्याला दारातूनच परत पाठवलं. आधी तुझ्या मशीनवर महिनाभर चालव म्हटलं. तो अजून आलेला नाही.

मी रोज गेम उघडतो. पहिला महिना पाणी असतं. बायका घागरी भरतात, केळी हिरव्या असतात. महिना संपायच्या आत मी बंद करतो. सेव्ह करायचं का, गेम विचारतो. मी नाही म्हणतो.