अहो, दार लावा!

पेनात शाई नव्हती. असायचीही नव्हती म्हणे — नुसते टेकवायचे आणि नव्या डिजिटल फळ्यावर अक्षर उमटायचे. त्या दिवशी उमटत नव्हते. सातवीचा वर्ग मास्तरांची फजिती बघत होता, आणि मास्तर पाठ फिरवून बायकोला फोन लावत होते. ती याच शाळेत भूगोल शिकवायची, हा फळा सगळ्यांच्या आधी तिनेच आत्मसात केला होता. त्या दिवशी छातीत जड वाटते म्हणून दवाखान्यात गेली होती, इतकेच. तीनदा फोन वाजून वाजून बंद झाला. चौथ्यांदा उचलला गेला तसे ते डाफरले, "अगं, किती वेळ! तुझं हे पेन —"

पलीकडे मेहुणी होती. म्हणाली, "भाऊजी... ताई गेली."

चार महिने झाले. पेन तेच, आणि आता मुकाट उमटते. याचाच राग येतो. आता कशाला उमटतंस?

भूगोलाचे बारा धडे तिने घरी बसून रेकॉर्ड करून ठेवले होते. दुसऱ्या बाई मिळेपर्यंत तो तास त्यांच्याकडे आला. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाने बटण दाबायचे आणि खुर्चीत बसून बायकोचा आवाज ऐकायचा — वर मोठ्या बाईंनी म्हणायचे, सर, तुम्ही छान जुळवून घेतलंत. काय जुळवून घेतलं? कुणाशी?

आणि उजळणीला वरचेवर लागणारा तो सहावा धडा, नदीची वळणे. "बाहेरच्या काठाची झीज होते, आतल्या काठाशी गाळ साचत जातो, आणि — अहो, दार लावा!"

तेवढे शब्द अख्खा वर्ग तिच्याबरोबर ओरडतो. उशिरा आलेल्या पोराला ओरडतो, शिपाईमामांना ओरडतो. परवा मोठ्या बाई आत आल्या तर त्यांनाही.

आज सकाळी संगणकवाला सर जिन्यात भेटला.

"सर, तेवढं कापून टाकू का? पाच मिनिटांचं काम. उद्या वरून साहेब येणारेत बघायला."

"कापून टाकू म्हणजे? माझ्या घरातलं दार आहे ते."

"मग ठेवू?"

"ठेव म्हटलं का मी?"

"बरं, मग शाळा सुटेपर्यंत सांगा," तो हळूच म्हणाला. त्या हळू बोलण्याचीही चीड आली. तुला काय कळतं रे त्या दाराचं...

दाराचे एवढेच झाले होते की चष्मा सापडत नव्हता. दोन तास आवाज करू नका, असे तिने बजावले होते. तरी मास्तर दार ढकलून आत डोकावले, खुणेनेच विचारले — चष्मा? — तिने त्यांच्या कपाळाकडे बोट दाखवले. कपाळावरच होता. मग ते निघून गेले.

तासाला पुन्हा तेच. वर्ग ओरडला, मास्तरांनी खाडकन बटण दाबून आवाज बंद केला, नेहमीसारखा. "लाज नाही वाटत? कुणाच्या आवाजावर हसता?"

पुढच्या बाकावरची चुणचुणीत मुलगी तेवढी उभी राहिली. "सर, आम्ही बाईंना नाही हसत."

"मग?"

"तुम्हाला हसतो."

कुणीतरी तिची ओढणी ओढली. ती बसली नाही. "तुम्ही नेहमी इथंच बंद करता. आम्ही घरी मोबाइलवर पुढचं पण ऐकलंय. तुम्ही लावलंच नाही, सर."

हात उचलावा असे वाटले, इतका राग. त्या हाताने त्यांनी बटण दाबले.

आधी काहीच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग पावले — मुले ओठांतल्या ओठांत मोजत होती — सात. सातव्याला ती थांबली, दम घेतला, तो दमही ऐकू आला. कडी लागली. परत सात पावले, जातानापेक्षा सावकाश. "हं, तर मुलांनो, गाळ साचतो..."

छातीत जड वाटते असे ती त्यानंतर आठवड्याने म्हणाली.

शाळा सुटली. संगणकवाला दोनदा डोकावून गेला. मास्तर रिकाम्या वर्गात पेन हातात धरून बसले होते. आता राग आणायला समोर कुणीच नव्हते, तरी तो जात नव्हता. कापायचे की ठेवायचे, हे सांगायचे राहिले. आणि दार लावायचे राहिले.