सशाच्या वर्षाचा अध्याय

बुआफानच्या कापडी पिशवीत जमिनीचा कागद होता आणि समोर बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतला, तिच्या जन्मवर्षाचा, सशाच्या वर्षाचा, अध्याय नुकता सुरू झाला होता. लाम्पांगच्या या देवळातली रीतच अशी: बारा प्राण्यांची बारा वर्षं, प्रत्येकाचा एक अध्याय; ज्याच्या वर्षाचा अध्याय, त्यानं मेणबत्ती लावायची आणि गायन संपेपर्यंत जागचं हलायचं नाही. त्यात आज गाणारे भन्ते नान प्रांतातून आलेले. शब्द कळायच्या आधी डोळे भरून यावेत, असा आवाज.

धाकटा भाऊ इन्सोन गुडघ्यांवर सरकत आला. "ताई, साडेतीनला बँक बंद होते. उद्या बँकेला सहामाही हिशेबाची सुट्टी. कर्जाची सही आजच व्हायला हवी."

"मेणबत्ती दिसते ना?"

"फुंकू का?"

"फुंक. उद्या तुझं मुंडण करून इथंच बसवते."

मागच्या बायका हसल्या. इन्सोन तळमळत बसला. त्यांच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्याला दुसरी भट्टी हवी होती, कारण बँकॉकच्या नव्या इमारतींना हात धुण्याची भांडी पुरेनाशी झाली होती. देशी चलनातल्या, बाटच्या, कर्जाला व्याज चौदा टक्के, डॉलरच्या कर्जाला आठ. डॉलर तर बारा-तेरा वर्षं पंचवीस बाटच्या खुंटीला बांधलेला. अर्ध्या गावानं डॉलरचंच कर्ज घेतलं होतं. शेजारच्या नान्तानं तर गेल्याच वर्षी सही करून नवी भट्टी उभी केली होती.

अध्याय सव्वाचारला संपला. इन्सोन भिंतीकडे तोंड करून जेवला.

सुट्टीनंतर, बुधवारी सकाळी रंगकामाच्या छपराखाली रेडिओ बोलला आणि सगळ्यांचे कुंचले थांबले. सरकारनं खुंटी सोडली होती. दुपारपर्यंत डॉलर अठ्ठावीसच्या पुढे गेला. इन्सोन एका पायात चप्पल, अशा अवस्थेत धावत आला.

"कमवायचं बाटमध्ये आणि फेडायचं डॉलरमध्ये! ताई, आपण गळ्यापर्यंत बुडालो असतो. वर्षभर निर्यात थंड, परदेशातून घेतलेलं कर्ज इमारतींच्या विटांमध्ये अडकलेलं आणि बाट सावरता सावरता सरकारचे डॉलर संपले. तुला हे कळलं होतं?"

"मला कुठला डॉलर कळतो? आवाज गोड होता रे."

शुक्रवारी हॉलंडच्या व्यापाऱ्याचा फोन आला. मार्चमध्ये त्याला कोंबड्याच्या चित्राचे वाडगे महाग वाटले होते. आता बाट पडल्यानं ते स्वस्त झाले होते आणि त्याला वीस हजार हवे होते, दोन महिन्यांत. इन्सोन नाचायचाच बाकी होता. "पण भट्टी एकच!"

उंबऱ्यावर नान्ता बसला होता, दोन दिवस न जेवलेला. बँकॉकच्या इमारतींचं काम थांबलं होतं. त्याची नवी भट्टी थंड पडली होती आणि कर्ज झोपेतसुद्धा वाढत होतं.

"नान्ता," बुआफान म्हणाली, "भट्टी पेटव. अर्धे वाडगे तुझे."

"ताई, मला बाट देऊन काय उपयोग?"

"बाट कोण देतंय? हॉलंडचा व्यापारी डॉलर पाठवणार आहे. तुझं कर्ज कशात आहे?"

नान्तानं तोंडावरून हात फिरवला. मग उठला, आणि चालता चालता पळायला लागला.

संध्याकाळी दोन्ही भट्ट्यांचा धूर एकत्र वर चढत होता. इन्सोन कोंबडे रंगवत होता, सगळे बदकांसारखे दिसणारे, आणि अध्यायाची चाल चुकीच्या सुरात गुणगुणत होता. बुआफाननं ती सुधारली, आणि बदकंही.