हिरव्या ताईचा निकाल

जेवणाची सुट्टी झाली की शिलाई विभागातल्या बायका डबे तसेच टाकून कापडाच्या गोदामाकडे पळायच्या. तिथे ताग्यांच्या आडोशाला एक पडदा टांगला होता आणि पडद्यामागे स्टुलावर हिरवी ताई विराजमान असायची. ताई म्हणजे कुणी बाई नव्हे, मोबाइलमधलं अ‍ॅप. फोन छातीशी धरायचा, बारा सेकंद श्वास रोखायचा, की आतून मधाळ आवाज यायचा, "घाबरू नकोस गं. तुझ्या कणाकणातली ऊर्जा मी वाचतेय. थेट मोठ्या तज्ज्ञांच्या यंत्राकडे पाठवतेय." मग टिंग वाजायचं, स्क्रीनवर हिरवं फूल उमलायचं आणि ताई म्हणायची, "तू निर्मळ आहेस. जा, सुखानं नांद."

बायका डोळे पुसत बाहेर यायच्या. छातीतली गाठ, कॅन्सर, हे शब्द नुसते ऐकले तरी ज्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, त्या आता हसत कामाला लागत. ना दवाखाना, ना कपडे काढणं, ना परक्या माणसाचा हात. इस्त्रीवाली तर सांगत सुटली होती की फोन नुसता जवळ ठेवला तरी तिची पाठदुखी थांबते. कुणी विचारलं नाही की छातीचं अ‍ॅप पाठीला कसं लागू पडतं. चमत्काराला उलटतपासणी चालत नाही ना.

हे सगळं आणलं होतं वहिनींनी. वहिनी म्हणजे विभागाच्या सुपरवायझर. त्यांना सगळ्या वहिनीच म्हणायच्या, कारण कुणाचं बाळंतपण असो की कुणाचा नवरा रुसलेला असो, वहिनी धावून यायच्या.

आणि भिंगबाईचा तर त्यांच्यावर फार जीव. भिंगबाई तयार शर्ट तपासायची. वीस वर्षं. कॉलरच्या आतला सुटलेला टाका तिला चार हातांवरून दिसायचा, म्हणून हे नाव. बटण ओढून बघितल्याशिवाय तिनं एक शर्ट पुढे जाऊ दिला नव्हता. आंघोळ करताना तिला डाव्या छातीत वाटाण्याएवढं काहीतरी लागलं, तेव्हा तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. वहिनींना सांगितलं.

"दुखतं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग कशाला दवाखान्याच्या खेपा घालतेस? ताईला विचार. आणि आत्ता रजा नको टाकूस बाई, माल या महिन्यात जायलाच हवा."

ताईनं हिरवं फूल दिलं. दर पंधरवड्याला दिलं. पाच महिने दिलं. आणि इथंच या हुशार बाईनं माती खाल्ली. दुसऱ्याच्या शर्टाचं बटण ओढून बघणारी, स्वतःच्या जिवाच्या बाबतीत मात्र नुसता शिक्का बघून 'पास' म्हणत राहिली. तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासावं लागतं, हे तिच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. तेच ती विसरली.

वाटाण्याची सुपारी झाली. वरच्या कातडीला खळी पडली. त्या दिवशीही फूल हिरवंच उमललं, तेव्हा मात्र तिचा ताईवरचा विश्वास उडाला. दात दुखतो असं सांगून तिनं अर्धी रजा काढली आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, कपाळाला आठी घातली आणि मॅमोग्राफीची चिठ्ठी दिली.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. शेवटची बाई डोक्यावर पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली होती. मांडीवर जाडजूड फाइल होती. भिंगबाईनं फाइलवरचं नाव वाचलं आणि ती वाकून पदराआडचा चेहरा बघायला लागली.

"वहिनी?"

वहिनींनी पदर खाली घेतला. चेहरा उतरलेला होता.

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही गं. दर वर्षी अर्जावर छातीची तपासणी लिहून रजा टाकते आणि येते. माझी आई यातच गेली ना, म्हणून."

"ताईला नाही विचारलं?"

वहिनी फाइलची दोरी गुंडाळायला लागल्या.

"बोला ना. आम्हाला तर म्हणता की तज्ज्ञांचं यंत्र आहे. मग तुम्ही इथं काय करताय?"

"हे बघ, साहेबांनी सांगितलं होतं," वहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "कारखान्यात छातीच्या तपासणीची फिरती गाडी आली की चाळीस जणींची अर्धी-अर्धी रजा जाते. अ‍ॅप दिलं की बायका जागेवर राहतात. मला वाटलं, तेवढाच बायकांना धीर. पण माझ्या बाबतीत मला जोखीम घ्यायची नव्हती."

"आणि माझ्या बाबतीत?"

शत्रूनं वार केला असता तर भिंगबाई उलटून लढली असती. इथं केसानं गळा कापला होता, तोही मायेनं हात फिरवत. ती रडली नाही. तिला इतका संताप आला होता की रडूच फुटेना.

मॅमोग्राफीत संशय आला म्हणून गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि आठवड्यानं त्याचा अहवाल आला. कॅन्सर होता. "उपचार आहेत, आणि चांगले आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पाच महिने आधी आला असतात, तर कदाचित लहान ऑपरेशनवर भागलं असतं."

"ते अ‍ॅप, डॉक्टर?"

"फोनला शरीराच्या आतलं दिसेल कसं? मॅमोग्राफीला एक्स-रे लागतात, सोनोग्राफीला वेगळं यंत्र लागतं. तुमच्या फोनमध्ये यातलं काय आहे?"

भिंगबाई घरी जाऊन पलंगावर बसून राहिली. मग तिला आपला धंदा आठवला. नवा तपासनीस कामावर आला की त्याच्या गठ्ठ्यात गुपचूप एक फाटका शर्ट सरकवतात. फाटका आहे हे आधीच ठाऊक असतं. त्यानं तोही पास केला, तर तो तपासनीस नाही, शिक्का मारणारा आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं गोदामातला पडदा ओढून काढला.

"बसा सगळ्या. आज ताईची परीक्षा आहे."

तिनं फोन कापडाच्या ताग्यावर ठेवला. बारा सेकंद. टिंग. "तू निर्मळ आहेस." बायका हसल्या. भिंतीला लावला. भिंतही निर्मळ निघाली. मग दाराशी उभ्या असलेल्या मिशाळ वॉचमनच्या छातीला लावला. "घाबरू नकोस गं," ताई त्याला म्हणाली, आणि इस्त्रीवालीला ठसका लागला. मग भिंगबाईनं फोनचं इंटरनेट बंद केलं आणि पुन्हा ताग्यावर ठेवला. फूल तरीही उमललं.

"नेट बंद आहे. आता कुठल्या तज्ज्ञांकडे गेलं हे?"

हसू ओसरायला लागलं होतं. तिनं फोन स्वतःच्या डाव्या छातीशी धरला. टिंग. हिरवं फूल. "जा, सुखानं नांद." मग तिनं अहवाल समोर धरला आणि मोठ्यानं वाचला.

"आता अ‍ॅपच्या अगदी तळाला बारीक अक्षरात काय लिहिलंय, तेही ऐका. 'फक्त मनोरंजनासाठी. निकाल वैद्यकीय सल्ला नव्हे.' बारा सेकंद थांबायचं, टिंग वाजवायचं, हिरवं दाखवायचं. एवढंच येतं हिला. लाल फूल यात नाहीच आहे."

"मग आता कुणावर विश्वास ठेवायचा गं?" काजं करणारी मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"कुणावर नुसता ठेवू नकोस. माझ्यावरसुद्धा नको. जो सगळ्यांनाच छान म्हणतो, त्यानं तपासलेलंच नसतं. हे कुणी बनवलं, कुठल्या डॉक्टरांनी पारखलं, किती जणींचा आजार खरोखर ओळखला, हे विचारायचं. उत्तर नाही मिळालं तर फोन ठेवायचा आणि दवाखान्यात जायचं. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण साधी आहे हे डॉक्टरांनी सांगायचं असतं, फुलानं नाही. आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. माझीही दुखत नव्हती."

तिनं रजेचा अर्ज लिहिला आणि मागच्या टेबलाशी उभ्या असलेल्या वहिनींपुढे ठेवला. तिच्यामागे काजं करणारी मुलगी आली, मग इस्त्रीवाली, मग ओळच लागली.

वहिनींनी मान खाली घालून पेन उचललं. "कारण काय लिहू?"

"जे तुम्ही स्वतःच्या रजेला लिहिलं होतं, तेच लिहा," भिंगबाई म्हणाली.